पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या

टॅलिस बेट
३० नोव्हेंबर १९८६

निरिडा,

डाकेचं विमान आलं, तुझ्या माश्यांचं आलं नाही. सलग पाचवा रविवार. एकाच समुद्रावरून, एकाच वाऱ्यात एक विमान येतं आणि दुसऱ्याला येता येत नाही, हे मी दुकानात उभी राहून लोकांना पटवून देते आहे. तुझ्या चिठ्ठीत काय, तर इंजिनात बिघाड आहे, धीर धरा. आणि त्याखाली, जास्त ठासून लिहिलेलं: सापळ्यांत सापडलेल्या माश्यांच्या बाटल्या आता आठवड्यातून दोनदा पाठवा.

फोन केला असता, पण आमचे फोन आयव्ही क्रिबच्या एक्सचेंजमधून जातात आणि तिच्या कानातून सगळ्या बेटावर पसरतात. म्हणून हे पत्र.

आयव्हीच्याच दुकानात डेस किलमार्टिन खिळे घेत होता. मला पाहून म्हणाला, "काय लॉर्ना, बहिणीच्या माश्या संपावर गेल्या वाटतं?"

"विमानाचं इंजिन बिघडलंय," मी म्हटलं.

"असं होय. मला वाटलं, मेलबर्नला चष्म्याचे नंबर काढायला नेल्या."

दुकानातले सगळे हसले. आयव्ही पण. मी पीठ आणि चहा घेऊन निघाले.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. गेल्या वर्षी तू हॉलमध्ये फळ्याजवळ उभी राहिलीस, पायात शहरातले बूट, आणि मेंढपाळांना माशीचं लग्न समजावलंस. माशीत नर व्हायचं की मादी हे ज्या गुणसूत्रावरून ठरतं, त्यालाच तुम्ही चांगल्या डोळ्यांचं जनुक जोडून टाकलं. ते गुणसूत्र बाप फक्त मुलांना देतो. म्हणून तुमच्या नरांचे मुलगे कायम तांबड्या डोळ्यांचे आणि डोळस. मुलींना बापाकडून बिघडलेलं जनुक मिळतं. पहिल्या पिढीत आईचं चांगलं जनुक त्यांना तारून नेतं. पण पुढच्या पिढ्यांत दोन्ही बाजूंनी बिघडलेलंच आलं की मुलीचे डोळे पांढरे होतात. आंधळी माशी मेंढी शोधू शकत नाही, अंडी घालू शकत नाही, मरून जाते. असे नर विमानातून टाकत राहिलो, तर दोन उन्हाळ्यांत बेटावरची माशी संपेल, असं तू म्हणालीस.

तेव्हा डेस मागून ओरडला होता, "म्हणजे सगळं चांगलं मुलाला, आणि मुलीच्या हातात भोपळा! त्यासाठी शास्त्र कशाला पाहिजे? माझा बाप हेच करून गेला!" सगळ्यात मोठ्याने तूच हसली होतीस.

मग तू अट सांगितलीस. दोन उन्हाळे कोणीही मेंढ्यांवर औषध फवारायचं नाही, कारण औषधाने तुमच्या नरांची पिल्लावळही मरेल. एखाद्या मेंढीला अळ्या पडल्या तर तेवढीच धरायची, कात्रीने लोकर कापायची, हाताने अळ्या काढायच्या. आमच्या आजोबांच्या काळी करायचे तसं. लोक एकमेकांकडे बघू लागले. तू माझ्याकडे पाहिलंस. आणि मी घरोघर गेले, निरिडा. तू संध्याकाळच्या विमानाने परत गेलीस. लोकांच्या स्वयंपाकघरांत बसून 'ती आपलीच आहे, ती आपल्याला फसवणार नाही' असं मी म्हणत होते.

पहिला उन्हाळा चांगला गेला, हे मी नाकारत नाही. मार्चमध्ये माझ्या खिडकीत पहिली पांढऱ्या डोळ्यांची माशी आली तेव्हा मी रॉसला हाक मारली होती. ती भिंतीवर बसायला जायची आणि हाताएवढ्या अंतरावर हवेतच पाय टेकवायची, मग खाली पडायची. पुन्हा उठायची. तुझं खरं ठरतंय याचा मला आनंद झाला होता, आणि त्या माशीकडे बघवतही नव्हतं.

आता विमान पाठव.

लॉर्ना


टॅलिस बेट
१४ डिसेंबर

निरिडा,

अजून दोन रविवार गेले. तुझं पत्र आलं. धीर धरा, बाटल्या पाठवा.

इथे पाऊस पडला आणि लगेच ऊन तापलं. माशीला याहून काय पाहिजे? सापळ्यातल्या कलेजीवर थर बसतो आहे. मी बाटलीत भरताना बघते ना. गेल्या महिन्यात पांढरे डोळे भरपूर दिसायचे, आता शोधावे लागतात. माश्या डोळस होत चालल्या आहेत आणि मेंढ्या कुठे आहेत ते त्यांना नीट दिसतं आहे.

काल अल्बी टॅथमकडे गेले होते. त्याची बोटं आता वळत नाहीत, कात्री धरली की गळून पडते, म्हणून मी आणि रॉस आळीपाळीने जातो. कुंपणाजवळ एक मेंढी कळप सोडून उभी होती. मागचे पाय आपटत होती, मान वळवून स्वतःच्याच पाठीला चावत होती. जवळ जायच्या आधीच वास आला. शेपटीपासून खांद्यापर्यंत लोकर काळी, ओली. कात्री लावली आणि खालचं कातडं हललं. तू हे लहानपणी पाहिलं आहेस, आता काचेखाली बघतेस. काचेखाली वास येत नाही.

ती एनिडने जोपासलेल्या वंशातली होती. अल्बीची एनिड गेली तेव्हा तू पुष्पचक्र पाठवलं होतंस. अल्बीच्या त्या बारीक लोकरीच्या मेंढ्या तिनेच निवडून निवडून तयार केल्या. अल्बी म्हणतो, मी नुसतं फाटक उघडायचं काम केलं, डोळा तिचा होता. ती मेंढी माझ्या हातातच गेली.

अल्बीने टोपी काढून कपाळ पुसलं. म्हणाला, "लॉर्ना पोरी, खरं सांग. औषध मागवून फवारू का मी?"

मी कात्री गवतावर पुसत राहिले.

"तू म्हणालीस तर थांबतो. निरिडा म्हणाली होती ना, दोन उन्हाळे? शब्द दिलाय मी."

"थांबा," मी म्हटलं. "विमान येतंय. इंजिन दुरुस्त झालं की येतंय."

"बरं मग," तो म्हणाला, आणि मेंढीचे मागचे पाय धरले. मी पुढचे धरले. आम्ही तिला खड्ड्याकडे ओढत नेलं. तो खड्डा त्याने नवीन खणला आहे. जुना भरला.

घरी येऊन रॉसशी वाजलं. तो म्हणतो, गुपचूप औषध मागवून आपल्या मेंढ्यांवर तरी फवारू, कोणाला कळतंय. मी म्हटलं, मला कळेल. तो म्हणाला, "तू बहिणीशी लग्न केलंयस की माझ्याशी?" बाकी रॉस मजेत आहे.

मला तारीख कळव. विमान कोणत्या तारखेला येणार ते. धीर आता माझ्याकडे उरलेला नाही आणि अल्बीला उसना द्यायला तर मुळीच नाही.

लॉर्ना


टॅलिस बेट
२२ डिसेंबर

निरिडा,

नाताळची डाक घेऊन आज नेहमीचा वैमानिक आला नाही. त्याच्या जागी मर्व्ह हॅलोरन आला. तोच मर्व्ह, जो तुझ्या माश्या टाकायला यायचा आणि दर वेळी माझ्या ओट्यापाशी उभा राहून केक खायचा.

मी धावपट्टीवर बाटल्यांची पेटी घेऊन उभी होते. त्याने पिशव्या खाली टाकल्या, मला मिठी मारली. मी म्हटलं, "बरं झालं बाबा, इंजिन दुरुस्त झालं एकदाचं."

"कुठलं इंजिन?"

"तुझ्या विमानाचं."

"माझ्या विमानाला काय धाड भरलीय? सबंध नोव्हेंबर मी उत्तरेला खत टाकत होतो."

मी हातातली पेटी खाली ठेवली. त्यालाही काहीतरी कळलं असावं, कारण तो टोपीशी चाळा करायला लागला.

"अगं, तुमचं काम ऑक्टोबरच्या शेवटीच रद्द झालं ना? वरून बंद केलं. माश्या वाढवायची ती शेडसुद्धा रिकामी केली त्यांनी. मीच पिंजरे हलवायला मदत केली. तुला माहीत नाही? तुझी बहीण होती की तिथे."

तुझी बहीण होती की तिथे.

त्याच्यासमोर मी रडले नाही, ओरडलेही नाही. पेटी उचलली आणि परत गाडीत ठेवली. गाडीत बसल्यावर सगळं जुळलं. माश्या येत नव्हत्या, मग बाटल्या दुप्पट का? तुला बघायचं होतं, नर टाकणं थांबलं की पांढरे डोळे किती वेगाने नाहीसे होतात. आंधळ्या मरतात, डोळस उरतात, बेट परत पूर्वीसारखं होतं. ते किती आठवड्यांत होतं, याचा आलेख. आणि आम्ही फवारलं असतं तर तो आलेख बिघडला असता. म्हणून इंजिन. म्हणून धीर. आमच्या मेंढ्या तुझ्या कागदाला टाचणीने लावल्या होत्यास तू!

मी सरळ अल्बीकडे गेले, मग डेसकडे, मग सगळीकडे. त्याच घरांत, त्याच खुर्च्यांवर बसून मी सांगितलं की विमान येणार नाही, ऑक्टोबरपासूनच येणार नव्हतं, आजच फवारा. आणि फवारायला औषध कुठे आहे? दोन उन्हाळे कोणी घेतलंच नाही म्हणून आयव्हीने ठेवणं बंद केलं. जुने डबे आम्हीच पहिल्या वर्षी गोळा करून बोटीने परत पाठवले होते, तुझ्या सांगण्यावरून. लॉन्सेस्टनहून बोट आता नाताळ उलटल्यावर. तोपर्यंत हात आणि कात्री.

प्रत्येक घरात एकच प्रश्न. आयव्हीने तर काउंटरवर दोन्ही हात टेकून विचारला: "तुला माहीत होतं का, लॉर्ना?"

"नव्हतं."

"सख्खी बहीण. आठवड्याला पत्रं. बाटल्या तू भरत होतीस. आणि तुला माहीत नव्हतं."

मी पुन्हा नाही म्हटलं. तिने माझी साखर पुडीत बांधली आणि माझ्याकडे न बघता पुढे सरकवली. पंचेचाळीस वर्षं मी या बेटावर राहते आहे, निरिडा. मी खोटं बोलते असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. आता म्हणतात असं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून ठरवायला लागले आहेत. ते यापुढे मला किती सहन होईल ते मला ठाऊक नाही.

हे पुसून टाकणं माझ्या हातात नाही. तुझ्या हातात आहे. दहा जानेवारीला हॉलमध्ये बैठक आहे. ये आणि सगळ्यांसमोर उभी राहून सांग की लॉर्नाला माहीत नव्हतं. तुझ्या तोंडून सांग.

लॉर्ना


टॅलिस बेट
३ जानेवारी १९८७

निरिडा,

तुझं जाड पत्र मिळालं. आजवर तू मला इतकं मोठं पत्र लिहिलं नव्हतंस, आई गेली तेव्हाही नाही. मी ते अंगणात उभ्यानेच वाचलं.

तुझी बाजू मला समजली, हे आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील की लॉर्नाला शास्त्र कळत नाही. नऊ वर्षांचं काम वरच्यांनी एका बैठकीत बंद केलं. पिंजरे गेले, माणसं गेली. हातात काहीच उरलं नव्हतं. अशा माश्या मोकळ्या रानात सोडल्यावर, सोडणं थांबलं तर बिघडलेलं जनुक किती काळ टिकतं, हे जगात कोणी मोजलेलं नाही. एवढी एक गोष्ट वाचवता येत होती आणि त्यासाठी तुला थोडेच आठवडे हवे होते. लोकांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी फवारलं असतं. म्हणून सांगितलं नाही. 'तू तरी समजून घेशील असं वाटलं,' असं लिहिलं आहेस.

घेतलं समजून. पण एवढं तुलाही समजत होतं, तर विचारायचं होतंस. येऊन हॉलमध्ये म्हणायचं होतंस की बाबांनो, काम बंद पडलं, पण आणखी काही आठवडे फवारलं नाहीत तर पुढच्यांना उपयोग होईल. काहींनी नाही म्हटलं असतं. डेसने तुला दार दाखवलं असतं. आणि अल्बी हो म्हणाला असता! हे तुला कळत नाही का? शब्दासाठी ज्याने कळप जाऊ दिला, तो विचारल्यावर हो म्हणाला असता. निदान त्याच्या मेंढ्या त्याच्या मर्जीने गेल्या असत्या. तू त्याला विचारायच्या लायकीचासुद्धा समजली नाहीस. मलाही नाही.

'मेंढ्यांचं नुकसान अपेक्षेपेक्षा जास्त झालं, याचं वाईट वाटतं.' म्हणजे काही अपेक्षा होती. किती होती, ते तुझ्याजवळच ठेव.

बोट एकोणतीसला आली. अल्बीने त्याच दिवशी फवारलं. ज्यांच्यात जीव होता त्या वाचल्या. एनिडच्या वंशातल्या ज्या उरल्या होत्या, त्या उभ्या राहत नव्हत्या. मी म्हटलं, रॉसला बोलावते, तो बंदूक चालवेल. अल्बी म्हणाला, "नको. त्या मला ओळखतात." मी फाटकापाशी उभी होते. सगळं झाल्यावर तो आला, बंदूक गाडीत ठेवली आणि मला म्हणाला, "चहा घेणार?" आम्ही चहा घेतला. त्याने बिस्किटंही काढली. तुझ्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. तो तुला शिव्या देईल याची मी वाट बघत होते. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आणि रॉसला बोलावते म्हटलं ते खोटं होतं. रॉस इथे नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो भावाकडे गेला, लोकर कातरायच्या कामावर. कुत्रे घेऊन गेला. आमच्या कुरणातल्या चांगल्या मेंढ्या अळ्यांनी गेल्या तेव्हा तो माझ्याशी भांडलासुद्धा नाही. नुसतं म्हणाला, "मी विचारलं होतं तुला." हे मी कोणाला सांगितलेलं नाही आणि तुलाही सांगणार नव्हते.

आता त्या टाईप केलेल्या कागदाबद्दल. 'हॉलमध्ये वाचून दाखवावे.' 'प्रशासकीय कारणांमुळे प्रयोग अपेक्षित कालावधीपूर्वी स्थगित करण्यात आला. स्थानिक सहकाऱ्यांपर्यंत माहिती पोहोचण्यात विलंब झाला.' विलंब झाला! जसा काही तो आपोआप झाला. आणि खाली माझ्यासाठी पेन्सिलने: 'लॉर्ना, तू वाचलंस तर लोक शांतपणे ऐकतील.' त्यात माझं नाव नाही, तुझं नाव नाही, मला माहीत नव्हतं हे तर कुठेच नाही. हा कागद मी वाचला तर लोकांना काय वाटेल? दोघी बहिणींनी मिळून लिहिलाय असंच वाटेल.

मी तो वाचणार नाही. चुलीतही घातला नाही. जपून ठेवला आहे.

आणखी एक. मर्व्ह आला त्या दिवसापासून मी एकही बाटली पाठवलेली नाही. पण सापळे रिकामे करत राहिले, हात सवयीने करत राहिले म्हण. सगळ्या बाटल्या माझ्या स्वयंपाकघरात आहेत. त्याआधीच्याही काही, ज्या डाकेच्या विमानात मावल्या नाहीत. तू पत्राच्या शेवटी अगदी हळूच विचारलं आहेस, 'डिसेंबरच्या बाटल्या नीट आहेत ना?' आहेत. तुझ्या आलेखाचा सगळा उतार माझ्या मुरांब्यांच्या शेजारी उभा आहे.

दहा तारखेला ये. नाही आलीस तर मी त्या बाटल्या हॉलमध्ये घेऊन जाईन आणि सगळ्यांसमोर एकेक करून मोरीत ओतीन.

लॉर्ना


टॅलिस बेट
११ जानेवारी

निरिडा,

काल सकाळचं विमान उतरलं. आयव्हीचा भाचा उतरला, कोंबड्यांची खोकी उतरली. विमानाची शिडी काढून घेईपर्यंत मी थांबले.

संध्याकाळी हॉल भरला होता. जे कधी येत नाहीत तेही आले होते. मी पेटी पुढच्या टेबलावर ठेवली आणि तुझा कागद खिशातून काढला. वाचला नाही, डेसच्या हातात दिला. म्हटलं, "हे माझ्या बहिणीने मला वाचायला पाठवलंय. मी वाचणार नाही. ज्याला पाहिजे त्याने वाचा."

डेसने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला. पेन्सिलीने लिहिलेलं पण वाचलं. मला ते नको होतं, पण त्याने वाचलं. वाचून झाल्यावर त्याने कागद पालथा टेबलावर ठेवला. मग मागून आयव्ही म्हणाली, "विलंब झाला म्हणे."

"माझ्या कुत्र्याने कोकराचं पोट फाडलं की मी पण हेच म्हणत जाईन," डेस म्हणाला. "कुत्रा आवरायला विलंब झाला."

थोडं हसू आलं, पण लगेच विरलं. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं. हे मी तुमच्या घरी येऊन सांगितलंय. परत सांगते आणि पुन्हा सांगणार नाही. तिला या बाटल्या हव्यात. यात तिचं सगळं काम आहे. एवढ्यासाठीच तिने तुम्हाला अंधारात ठेवलं. तर आता बघा." आणि मी पहिली बाटली उचलून झाकण फिरवलं. स्पिरिटचा वास आला. मोरी दोन पावलांवर होती.

"पोरी, ती कोणाची आहे?"

अल्बी उठला होता.

"निरिडाची," मी म्हटलं.

"बाटली कोणाची विचारतोय. चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

मी वाचलं. टॅथम, पूर्वेकडचं कुरण.

"मग माझी आहे ती. आण इकडे."

"अल्बी, अहो, याचसाठी तर तिने..."

"मला कळलंय कशासाठी. मी म्हातारा झालोय, मूर्ख नाही झालो." तो पुढे आला. त्याला झाकण घट्ट लावता येईना, तेव्हा त्याने ती माझ्यापुढे धरली आणि मी लावलं. "माझ्या मेंढ्या गेल्या त्याचं एवढंच शिल्लक आहे. तू मोरीत ओतलंस, की त्या कशासाठीच गेल्या नाहीत असं होईल. ते मी होऊ देणार नाही."

"म्हणजे पाठवून द्यायची? तिला?" डेस जागेवरूनच ओरडला.

"पाठवायची कशाला? पाहिजे तर येईल. माझ्या दारात येईल, माझ्याकडे मागेल. मी देईन की नाही ते मग बघू."

यावर बरीच बोलाबोली झाली, ती सगळी लिहीत नाही. डेस म्हणत होता ओता, दोघंतिघं म्हणत होते जाऊ द्या, पाठवून मोकळे व्हा. शेवटी ठरवलं असं कोणी म्हणालं नाही, पण लोक एकेक करून टेबलाशी आले आणि चिठ्ठी बघून आपापली बाटली घेऊन गेले. डेसने पण त्याच्या घेतल्या. म्हणाला, "माझ्याकडे आली तर आधी आंगण झाडायला लावीन." आयव्हीकडे मेंढ्या नाहीत, तरी ती आली. रिकाम्या पेटीकडे बघत मला म्हणाली, "रॉस कधी येणार?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "तुला आधीच कळलं असतं तर तू त्याला फवारू दिलं असतंस. इतकी काही तू बहिणीची नाहीस." आणि गेली. आयव्हीकडून याहून जास्त मिळणार नाही आणि मी मागणारही नाही. पण डेसच्या बायकोने निघताना माझ्याकडे पाहिलं नाही, आणखीही दोघींनी नाही. त्यांना ते तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे.

तर आता असं आहे. डिसेंबरच्या सगळ्या बाटल्या शाबूत आहेत. मी सर्वांना सांगितलं आहे की उन्हात ठेवू नका आणि झाकणं घट्ट ठेवा. पण त्या आता माझ्याकडे नाहीत. प्रत्येक घरी एकेक करून जायला लागेल. गाडी माझी मिळणार नाही. काही जण तुला बसवतील, काही दारातच उभं करतील. तू काय म्हणायचं ते मी शिकवणार नाही. पण 'विलंब' हा शब्द वापरू नकोस. आणि लॉर्नाला माहीत नव्हतं, हे प्रत्येक घरात सांग, कोणी विचारलं नाही तरी. ते झाल्याखेरीज माझ्या दारात येऊ नकोस.

मी अजून चिडलेलीच आहे. तू आलीस म्हणजे हे संपेल असं समजू नकोस. कदाचित तुला समोर बघून वाढेलच.

उतारूंचं विमान शनिवारी असतं. या शनिवारी तुला जमणार नाही हे मी अल्बीला सांगितलं, पत्र पोहोचायलाच वेळ लागेल. तो म्हणाला, असू दे. तो दर शनिवारी गाडी घेऊन धावपट्टीवर थांबणार आहे.

लॉर्ना